सूर्याचं देणं

मेक्सिको सिटी तळ्यावर वसलेली आहे, हे तिथं कुणाला मुद्दाम सांगावं लागत नाही. सोकालो या मुख्य चौकात उभं राहून आजूबाजूच्या जुन्या इमारतींकडे नीट पाहिलं, की त्यांच्या खिडक्यांच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत हे लक्षात येतं. कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर फरशीचा उतार पायांना जाणवतो. घुमटाखाली एक भलामोठा ओळंबा टांगलेला आहे; इमारत कसकशी कलत गेली ते त्याच्या खालच्या खुणा दाखवतात. स्पॅनिश राजवटीनं तळं आटवत नेलं आणि पुढं शहरानं जमिनीखालचं पाणी उपसलं, त्यामुळे गाळ दबत गेला. आजही शहराचे काही भाग वर्षाला 40 सेंटीमीटरहून अधिक खचतात.

या गाळात एक अख्खी राजधानी दडलेली आहे. तिचं नाव तेनोचतित्लान. आपण ज्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतो ते लोक स्वतःला मेशिका म्हणवत. उत्तरेकडच्या आस्त्लान नावाच्या मूळस्थानातून ते निघाले आणि खांद्यावर देवाची मूर्ती घेऊन पिढ्यान्‌पिढ्या भटकले, असं त्यांच्या कथा सांगतात. फड्या निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तिथं थांबा, असा देवाचा आदेश होता. तो गरुड त्यांना तेश्कोको तळ्यातल्या एका ओसाड बेटावर दिसला. परंपरेनं हे वर्ष 1325 मानतात. तोच निवडुंग आणि तोच गरुड आज मेक्सिकोच्या झेंड्यावर आहेत. 1428 मध्ये तेश्कोको आणि त्लाकोपान या शेजारच्या दोन नगरांशी युती करून मेशिकांनी साम्राज्य उभारलं आणि शंभर वर्षं होण्याआधीच, 13 ऑगस्ट 1521 रोजी, ते स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या आणि त्याच्या स्थानिक मित्रांच्या हाती पडलं. मेशिकांचं वैभव ते एवढ्याच काळाचं.

कॅथेड्रलच्या ईशान्य कोपऱ्याला लागूनच तेम्प्लो मायोर, म्हणजे थोरलं देऊळ आहे. 21 फेब्रुवारी 1978 च्या पहाटे वीज कंपनीचे कामगार इथं केबलसाठी खणत होते. कुदळ एका कोरीव दगडाला लागली. माती दूर केल्यावर सव्वातीन मीटर व्यासाची शिळा समोर आली आणि तिच्यावर हातपाय तोडलेली एक स्त्री. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झालं, त्यासाठी वरच्या कित्येक इमारती पाडल्या गेल्या आणि आज भर शहरात आपण लोखंडी पुलांवरून चालत त्या देवळाच्या पोटातून फिरतो.

पोटातून म्हणायचं कारण असं, की हे देऊळ सात वेळा बांधलं गेलं. नवा राजा आला, की जुनं देऊळ न पाडता त्याच्यावरच नवं, मोठं देऊळ चढवायचे. कोर्तेसच्या माणसांनी सर्वांत बाहेरचं आवरण उद्ध्वस्त केलं, आतली मात्र टिकली. 1390 च्या सुमाराचा दुसरा टप्पा छताखाली जपलेला आहे, आणि माथ्यावरच्या दोन्ही गाभाऱ्यांचे अवशेष तिथंच पाहायला मिळतात. डावीकडे, म्हणजे उत्तरेला, पर्जन्यदेव त्लालोक. उजवीकडे युद्धाचा आणि सूर्याचा देव वित्सिलोपोच्त्ली. त्लालोकच्या दारात चाकमोल आहे, म्हणजे पाठीवर रेलून पोटावर नैवेद्याचं पात्र धरलेली दगडी मूर्ती. सहा शतकांनंतरही तिच्यावर लाल-निळा रंग शिल्लक आहे. वित्सिलोपोच्त्लीच्या दारात फक्त एक काळा, अरुंद, उभा दगड जमिनीत रोवलेला. बळी द्यायच्या माणसाला याच दगडावर पाठीवर आडवं वाकवत, आणि गारगोटीच्या सुरीनं छाती उघडून काळीज काढत. दगड जेमतेम गुडघ्याच्या उंचीचा आहे. मार्गदर्शक पुस्तकात वाचलेल्या वर्णनापेक्षा त्याचा हा किरकोळपणाच जास्त अंगावर येतो.

एकाच जोत्यावर दोन देव का, याचं उत्तर मेशिकांच्या पोटात होतं. पावसावर मका पिकायचा आणि युद्धावर खंडणी यायची. राजधानीची दीड-दोन लाखांची वस्ती या दोन्हींवर जगत होती. देवळाखाली पुरलेले दोनशेहून अधिक नैवेद्य आजवर सापडले आहेत. त्यांत दोन्ही समुद्रांचे शंख आणि प्रवाळ आहेत, मगरी आहेत, जिंकलेल्या मुलखातले मुखवटे आहेत. साम्राज्य कुठवर पोचलं होतं, याची ती पुरलेली वहीच म्हणायची.

कामगारांना सापडलेली ती शिळा आता शेजारच्या संग्रहालयात आहे, आणि वरच्या मजल्यावरून ती पूर्ण दिसते. ही कोयोल्शाउकी. कथा अशी: सर्पपर्वतावर कोआत्लिक्वे ही देवमाता झाडलोट करत असताना वरून पिसांचा एक गोळा पडला. तिनं तो कमरेशी खोचला आणि तिला दिवस गेले. तिची मुलगी कोयोल्शाउकी आणि चारशे मुलगे यांना हा कलंक वाटला. आईला मारायला ते पर्वत चढले. ते माथ्यावर पोचताच पोटातून वित्सिलोपोच्त्ली जन्माला आला तो सशस्त्रच. हातातल्या अग्निसर्पानं त्यानं बहिणीचं मस्तक उडवलं आणि तिचं धड पर्वतावरून गडगडत, तुकडे होत खाली आलं. शिळेवर ही घसरण गोठवलेली आहे. सांध्यांतून हाडांची टोकं बाहेर आली आहेत. कमरेला सापाचा पट्टा आणि त्यात कवटी, गालावर घुंगरू, डोक्यावर पिसं. हातपाय वेगळे झालेत, पण सगळं शरीर त्या वर्तुळात असं बसवलंय, की ती नाचतेय असा भास व्हावा. पोटावरच्या वळ्याही शिल्पकारानं सोडलेल्या नाहीत.

ही शिळा सापडली ती वित्सिलोपोच्त्लीच्या पायऱ्यांच्या तळाशी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सापांची दगडी डोकी आहेत, म्हणजे देवळाची ती बाजू हाच सर्पपर्वत. वर काळीज काढलेला देह पायऱ्यांवरून लोटला, की तो घरंगळत इथंवर येई. दर बळीला ती कथा पुन्हा घडत होती. सूर्य रोज सकाळी जन्मतो, चंद्राला आणि असंख्य ताऱ्यांना हरवतो, असा या कथेचा एक अर्थ अभ्यासक लावतात. पण तिला राजकीय अर्थही आहे. पायऱ्या चढणारा कैदी बहुधा जिंकलेल्या मुलखातला असे आणि खाली त्या मुलखाचे पाहुणे सरदार बसलेले असत. बंड केल्यावर काय होतं, हे त्यांना दगडातही दिसे आणि माणसातही.

बळींच्या आकड्यांबद्दल जपून बोलावं. राजा आवित्सोत्लनं 1487 मध्ये देवळाची वास्तुशांत केली तेव्हा 80,400 माणसं मारली, असं स्पॅनिश काळातल्या एका बखरीत येतं. आजचे अभ्यासक हा आकडा धरत नाहीत. कोर्तेसबरोबर आलेल्या आन्द्रेस दे तापियानं बळींच्या कवट्या लावलेल्या मांडवात 1,36,000 कवट्या असल्याचा हिशेब दिला. ही सगळी जेत्यांनी रचलेली बदनामी आहे, असं म्हणणारेही होते. मग 2015 मध्ये कॅथेड्रलच्या मागच्या ग्वातेमाला रस्त्यावरच्या एका जुन्या घराखाली तो मांडव खरोखरच सापडला. चुन्यानं सांधलेला कवट्यांचा गोल बुरूज आणि लाकडी खांबांची भोकं. आजवर सहाशेहून अधिक कवट्या नोंदल्या गेल्यात, आणि त्यांत बायकामुलांच्याही आहेत. म्हणजे बखरकारांचे आकडे फुगलेले होते, पण गोष्ट खरी होती.

त्लालोकची बाजू तर पाहायला त्याहून अवघड. त्याला लहान मुलं लागत. 1980 मध्ये त्याच्या गाभाऱ्याच्या बाजूला एका दगडी पेटीत 42 मुलांचे अवशेष मिळाले. पंधराव्या शतकाच्या मध्याला मोठा दुष्काळ पडला होता, त्या वेळचा हा नवस असावा असं मानतात. मुलं रडली, की पाऊस चांगला होणार, असा समज होता.

हे सगळं का, याचं मेशिकांनी स्वतः दिलेलं उत्तर ऐकायला शहराच्या ईशान्येला 50 किलोमीटरवर तेओतिवाकानला जावं लागतं. उत्तरेकडच्या बसस्थानकावरून गाड्या सुटतात. सूर्य आणि चंद्र यांच्या नावाचे दोन प्रचंड पिरॅमिड आणि त्यांना जोडणारा मृतांचा रस्ता. ही नगरी अ‍ॅझ्टेकांनी बांधली असं अनेक प्रवासी धरून चालतात, पण मेशिका आले तेव्हा ती ओस पडून सहा-सातशे वर्षं झाली होती. एवढं थोर काम माणसांचं असणं शक्य नाही, असं त्यांना वाटलं, आणि विश्वाच्या आरंभाची कथा त्यांनी याच जागी आणून ठेवली.

आपल्याआधी चार सूर्य होऊन गेले, असं ते मानत. पहिल्या जगाला जाग्वारांनी खाल्लं, दुसरं वादळानं उडालं, तिसरं अग्निवर्षावात जळलं, चौथं पुरात बुडालं. मग काळोखात देव तेओतिवाकानला जमले. सूर्य व्हायचं तर कुणीतरी आगीत उडी घ्यायला हवी. तेकुसिस्तेकात्ल हा श्रीमंत, दिमाखदार देव पुढं आला, पण चार वेळा ज्वाळांपाशी जाऊन मागं फिरला. अंगभर फोड असलेला गरीब नानावात्सिन डोळे मिटून सरळ आत शिरला आणि तो सूर्य झाला. लाजेनं दुसऱ्यानंही उडी घेतली, तो चंद्र. दोघंही सारखेच तळपू लागले, तेव्हा एका देवानं चंद्राच्या तोंडावर ससा फेकून मारला आणि त्याचं तेज कमी केलं. तरी सूर्य जागचा हलेना. शेवटी बाकीच्या देवांनीही प्राण दिले, तेव्हा तो चालू लागला.

माणूसही असाच देवांच्या रक्तावर उभा आहे. केत्सालकोआत्ल हा पिसांचा साप असलेला देव पाताळात, मिक्त्लानमध्ये, उतरला आणि आधीच्या युगातल्या माणसांची हाडं घेऊन आला. त्यांचं पीठ करून त्यावर देवांनी स्वतःचं रक्त शिंपडलं. मग मुंगी होऊन डोंगराच्या पोटातले मक्याचे दाणेही त्यानंच आणले. देह, धान्य, उजेड असं सगळं उसनं घेतलेलं. मेशिकांच्या धर्माचं मर्म मला या एका गोष्टीत दिसतं: हे देणं फेडत राहिलं नाही, तर पाचवा सूर्यही विझेल.

ही फेड कुणालाच चुकलेली नव्हती. तेम्प्लो मायोरला लागून असलेल्या गरुडगृहात दगडी बाकांवर योद्ध्यांची मिरवणूक कोरली आहे, आणि ती एका गवताच्या गोळ्याकडे निघाली आहे. घायपाताच्या काट्यानं कान, जीभ किंवा पोटरी टोचायची आणि रक्त लागलेला काटा त्या गोळ्यात खोचायचा. राजापासून सामान्य माणसापर्यंत सगळे हे करत. लावे पक्षी, कोपाल राळेचा धूर, फुलं, गाणी हीसुद्धा फेडच. माणसाचा बळी हा या रांगेतला सर्वांत मोठा हप्ता होता. फरक एवढाच, की तो बहुधा दुसऱ्याच्या खिशातून भरला जाई.

चापुल्तेपेक उद्यानातलं राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय 1964 मध्ये उघडलं. पेद्रो रामिरेस वास्केस या वास्तुकारानं आतलं अंगण एका खांबावर तोललेल्या अवाढव्य छत्रीखाली ठेवलंय आणि त्या खांबाभोवती पाणी कोसळत असतं. दाराबाहेर सात मीटर उंच, सुमारे 168 टनांची एक मूर्ती उभी आहे. कोआत्लिंचान गावातून ती आणायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, वाहनांची नासधूस केली, आणि बंदोबस्ताला लष्कर आलं. 16 एप्रिल 1964 ला ती शहरात पोचली ती ऐन कोरड्या दिवसांत, आणि त्याच रात्री धो धो पाऊस पडला. मूर्ती त्लालोकची आहे, की जलदेवतेची, यावर विद्वानांत वाद आहे. शहरवासीयांच्या मते त्या रात्रीच तो मिटला.

मेशिका दालनात समोरच सूर्यशिळा आहे. व्यास साडेतीन मीटरहून जास्त, वजन सुमारे 24 टन. टी-शर्टपासून नाण्यांपर्यंत सगळीकडे छापलेलं हे चित्र ‘अ‍ॅझ्टेक कॅलेंडर’ म्हणून ओळखलं जातं, पण त्याच्यावरून कुणी तिथी काढत नव्हतं. मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा, आणि ती जीभ म्हणजे बळीची सुरी. भोवतीच्या चार चौकटींत मेलेले चार सूर्य. त्याबाहेर वीस दिवसांची चिन्हं आणि कडेनं दोन अग्निसर्प. मेशिकांची कालगणना दुहेरी होती: 365 दिवसांचं शेतीचं वर्ष आणि 260 दिवसांचं भविष्य पाहायचं वर्ष. दोन्ही चक्रं 52 वर्षांनी पुन्हा एकत्र येत. त्या रात्री सूर्य परत उगवेल, याची शाश्वती नसे. राज्यातली प्रत्येक चूल विझवत, जुनी भांडी फोडत, मुलांना झोपू देत नसत. आजच्या इस्तापालापा भागातल्या टेकडीवर पुजारी कृत्तिका माथ्यावर येण्याची वाट पाहत. कृत्तिका पुढं सरकल्या, की बळीच्या छातीवर अग्निमंथन करून नवी आग पाडत आणि तीच घरोघरी जाई. असा शेवटचा सोहळा 1507 मध्ये झाला.

सूर्यशिळेच्या जवळच कोआत्लिक्वे उभी आहे. अडीच मीटर उंच, शिर तुटलेलं, आणि मानेतून उसळलेल्या रक्ताचे दोन साप समोरासमोर तोंड करून नवा चेहरा बनवतात. गळ्यात तळहात आणि काळजांची माळ, नेसू सापांचं, पाय नखं बाहेर काढलेल्या श्वापदाचे. तिच्या तळव्याखालीही धरित्रीदेवता कोरलेली आहे. मूर्ती उभी केल्यावर ते शिल्प कुणालाच दिसणार नव्हतं. ते फक्त जमिनीसाठी होतं. 1790 च्या ऑगस्टमध्ये ती सोकालोत सापडली, आणि डिसेंबरात सूर्यशिळा. शिळा कॅथेड्रलच्या भिंतीला लावली गेली, पण कोआत्लिक्वेपुढं लोक मेणबत्त्या ठेवू लागले, म्हणून तिला विद्यापीठाच्या आवारात पुन्हा पुरलं. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट मेक्सिकोत आला तेव्हा त्याच्यासाठी तिला उकरलं आणि परत गाडलं. ऑक्ताव्हियो पास हा 1962 ते 1968 भारतात राजदूत असलेला कवी. देवता, सैतान आणि मग कलाकृती, असा या मूर्तीचा प्रवास त्यानं फार मार्मिकपणे मांडला आहे.

मेलेल्यांचं काय होतं, याबद्दल मेशिकांचं मत आपल्याला चमत्कारिक वाटेल. पुण्य-पापाचा तिथं फारसा हिशेब नव्हता, मरण कसं आलं याला महत्त्व. रणात किंवा बळीच्या दगडावर मेलेले योद्धे उगवत्या सूर्याला माध्यान्हीपर्यंत पोचवत आणि चार वर्षांनी हमिंगबर्ड किंवा फुलपाखरं होत. बाळंतपणात गेलेल्या बायकांनाही योद्ध्यांचाच मान. माध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्य त्यांच्या ताब्यात. बुडून किंवा वीज पडून मेलेला त्लालोकच्या हिरव्यागार स्वर्गात जाई. अंथरुणात मेलेल्या बाकीच्यांना नऊ थरांच्या मिक्त्लानची चार वर्षांची वाट आणि नदी पार करायला सोबत एक कुत्रा.

केत्सालकोआत्लला भेटायला मात्र तिकीट फक्त मेट्रोचं. पिनो सुआरेस स्थानकात गाडी बदलायला धावणारे लोक एका छोट्या गोल देवळाला वळसा घालून जातात. मेट्रोच्या खोदकामात 1967 मध्ये ते सापडलं आणि होतं तिथंच ठेवलं. वाऱ्याच्या रूपातल्या केत्सालकोआत्लचं, म्हणजे एएकात्लचं हे देऊळ. वाऱ्याला कोपरे अडतात, म्हणून गोल, असं स्पष्टीकरण देतात. हाच देव परत आला, असं समजून राजा मोक्तेसुमानं कोर्तेसला राज्य देऊन टाकलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही असते. ती विजयानंतर कित्येक वर्षांनी लिहिली गेली, आणि बहुतेक इतिहासकार आता ती मानत नाहीत. राज्य बुडालं ते 1520 च्या देवीच्या साथीनं आणि युद्धांना, बळींना विटलेल्या त्लाश्कालासारख्या शत्रूंनी स्पॅनिशांना दिलेल्या हजारो सैनिकांमुळे. दुसऱ्याच्या खिशातून भरलेल्या हप्त्यांची वसुली अशी झाली.

शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोत जुन्या तळ्याचे कालवे अजून आहेत. उथळ पाण्यात कुंपण घालून, गाळ आणि वनस्पतींचे थर रचून केलेले शेतीचे वाफे, त्यांना चिनाम्पा म्हणतात. कडेची माती धरून ठेवायला वाळुंजाच्या जातीची उंच झाडं. रंगीत होड्यांमधला गाण्याबजावण्याचा गोंगाट मागं टाकून आतल्या कालव्यात शिरलं, की मका, भाजी आणि झेंडूची रोपं दिसतात. झेंडू मूळचा इथलाच. तो मेशिकांच्या सणांत होता आणि आज मृतांच्या दिवसाला थडग्यांवर असतो. जवळच्या तुल्येवाल्को गावात राजगिरा पिकतो. मेशिका राजगिऱ्याच्या पिठात मध कालवून देवाची मूर्ती करत आणि सणाला ती फोडून प्रसाद म्हणून खात. मिशनऱ्यांना यात आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली. आज राजगिऱ्याच्या गोड वड्या रस्तोरस्ती मिळतात, आणि चवीला त्या थेट आपल्या उपवासाच्या वडीसारख्या लागतात.

मक्यालाही देव होते, आणि त्या मक्यावर काम करून मेक्सिकोत नाव कमावणारा एक मराठी माणूस होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे गदर चळवळीनंतर इथं आले, तेश्कोकोजवळच्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले आणि त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. सोकालोपासून पायी काही मिनिटांवरच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांपैकी एकात मेजाच्या टोकाशी बसून भाकर मोडणारा माणूस खानखोजेंवर बेतलेला आहे. मराठी प्रवाशानं तेवढी वाकडी वाट करावी.

आता थोडं जाणाऱ्यांसाठी. शहर 2,240 मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी धावपळ नको. सोमवारी तेम्प्लो मायोर आणि मानववंशशास्त्र संग्रहालय दोन्ही बंद असतात. आधी तेओतिवाकान, मग तेम्प्लो मायोर आणि शेवटी संग्रहालय हा क्रम ठेवला, तर देवांची ओळख पटत जाते. सोकालोवर पिसांचे मुकुट घालून नाचणारे आणि कोपालचा धूर अंगावरून उतरवणारे लोक भेटतील. तो खेळ पर्यटकांसाठीही आहे, पण रांगेत उभे असतात ते बहुतेक स्थानिक. आणि अ‍ॅझ्टेक ‘नामशेष’ झाले, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. त्यांची नावात्ल भाषा आजही मेक्सिकोत सोळा लाखांहून अधिक लोक बोलतात.